मागच्या दिव्याचा जोड

ऑक्टोबर संपत आला की आमच्या ऑफिसातली माणसं एकमेकांशी नीट बोलेनाशी होतात. पाऊस अजून महिनाभर लांब असतो, पण हवेत पाणी इतकं साचलेलं असतं की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी तसाच ओला काढावा लागतो. रोज दुपारी आभाळ काळं होतं, गडगडतं आणि काही न देता निघून जातं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, इथे डार्विनमध्ये, या दिवसांना बिल्ड-अप म्हणतात. या दिवसांत माणसं नोकऱ्या सोडतात, नवरा-बायको भांडतात, शेजारी कुत्र्याच्या भुंकण्यावरून पोलिसांना बोलावतात, आणि सगळ्याचं खापर फुटतं आंब्यांवर, कारण आंबेही नेमके याच दिवसांत पिकतात. ‘मँगो मॅडनेस’ असं म्हणायचं आणि एकमेकांना माफ करून टाकायचं. मला ही सोय फार आवडते. माझ्या उपयोगी मात्र ती कधी पडली नाही.

गेल्या रविवारी पिशवीत चार आंबे टाकून मी रॉसला भेटायला गेले. रॉस आता ऐंशीच्या घरात आहे आणि दोन वर्षांपासून एज्ड केअरमध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, राहतो. त्याला सकाळचा नाश्ता आठवत नाही, मुलीचं नाव कधी आठवतं कधी नाही, पण मी दारात दिसले की चेहरा उजळतो. मग तो मला शेजारच्या खुर्चीत बसवतो आणि म्हणतो, डॅडचा जोड तुला कसा सापडला ते सांग. ही गोष्ट मी त्याला किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. दर वेळी तीच सांगत आले, आणि दर वेळी खोटी सांगत आले.

ती गोष्टही एका बिल्ड-अपचीच आहे.

त्या वर्षांत ऑस्ट्रेलियात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा नुसता पूर आला होता. मेलबर्नच्या क्लेटनमध्ये, युनिच्या आसपास, तीन खोल्यांच्या घरात आम्ही सातजणी राहत होतो आणि बाथरूमच्या दारावर वेळापत्रक लावलेलं होतं. मग कुणीतरी बातमी आणली की डार्विनला शिकलं तर पी.आर.साठी, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, आडभागात शिकल्याचे जादा गुण मिळतात. झालं, निघाली वरात. मीही उरलेला मास्टर्स तिकडच्या युनित हलवला. डार्विन नकाशावर कुठे आहे हे मी विमानात बसल्यावर पाहिलं. तिथे जिच्याबरोबर खोली घेतली ती जसप्रीत लुधियानाची, नर्सिंग शिकणारी, आणि तिच्याकडे एक जुनी गाडी होती. डार्विनमध्ये गाडी नसेल तर माणूस पांगळाच, त्यामुळे मैत्री व्हायला वेळ लागला नाही.

कोर्स संपत आला होता. सगळ्यांना हवा असायचा तो लोकल एक्सपीरियन्स आणि लोकल माणसाचं पत्र. ही मुलगी कामाची आहे, असं एखाद्या गोऱ्या माणसाने लिहून दिलेला कागद. युनिच्या फलकावर एक हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. जुन्या लष्करी ट्रकचे दिवे आणि वायरिंग पुन्हा करायचं आहे, ज्याचे हात बारीक आहेत आणि ज्याला घाई नाही अशा माणसाने फोन करावा. हात बारीक होते. घाई भयंकर होती, पण ती फोनवर कुठे दिसते.

रॉसचं घर शहरापासून तासाभरावर, झाडीत. पत्र्याची मोठी शेड, भोवती आंब्याची झाडं आणि लाल माती. रॉस म्हणजे उंच, वाळका, बिनबोलका माणूस. हाफ पँट, रबरी चपला आणि डोक्यावर घामाने काळी पडलेली हॅट. त्याने माझं नाव विचारलं. प्रज्ञा म्हटल्यावर दोनदा प्रयत्न करून ‘प्राज’वर तह केला. मग शेडचं दार सरकवून तो बाजूला झाला.

ट्रक बसक्या नाकाचा होता, कुणीतरी थोबाडीत मारून नाक आत घातल्यासारखा. दुसऱ्या महायुद्धातला. इथे त्या जातीच्या ट्रकना सगळे ब्लिट्झ म्हणतात. रॉसचे वडील युद्धात हाच ट्रक चालवत होते, दक्षिणेकडून डार्विनकडे, मैलोन् मैल धुळीच्या रस्त्यावरून. युद्ध संपल्यावर सरकारने गाड्या मोडीत काढल्या तेव्हा त्यांनी आपलाच ट्रक शोधून विकत घेतला, पुढे वर्षानुवर्षं शेतावर वापरला, आणि ते गेल्यानंतर तो आंब्याखाली उभा राहिला. पुढच्या दिव्याच्या डबीत कुंभारमाश्यांनी घर केलं होतं. मागच्या दिव्यात पालीची अंडी होती, लेमनच्या गोळ्यांएवढी, पांढरी. रॉसने ती चमच्याने अलगद काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली आणि खोकं फळीवर ठेवून दिलं.

त्या ट्रकची एक गोष्ट मी आधी कुठे पाहिली नव्हती. मागच्या दोन चाकांच्या मधोमध कलिंगडाएवढा लोखंडी गोळा असतो, मेकॅनिक त्याला डिफरन्शियल म्हणतात. ब्लिट्झचा तो गोळा पांढरा रंगवलेला होता आणि त्याच्यावर उजेड पडेल असा एक एवढासा दिवा, वरून टोपी घातलेला. रॉसने समजावून सांगितलं. जपानी विमानांच्या बाँबहल्ल्याच्या भीतीने रात्री गाड्यांचे दिवे झाकलेले असायचे. वरून विमानाला काही दिसता कामा नये, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तर पुढची गाडी दिसली पाहिजे. म्हणून हा पांढरा गोळा आणि हा दिवा. मागच्याने नजर त्या गोळ्यावर ठेवायची आणि चालत राहायचं. स्वतः चालवणाऱ्याला हा दिवा कधीच दिसत नाही. तो लागलाय की नाही, हे मागच्यालाच कळतं.

हे मी त्याच दिवशी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा खडकीच्या लष्करी वर्कशॉपात गाड्यांचे इलेक्ट्रिशियन होते, तीस वर्षं. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती आणि फुप्फुसांनी त्यांना घरात बसवलं होतं. जिना चढायला नको, बाजारात जायला नको, सगळा दिवस खिडकीपाशी. माझ्या इंजिनियरिंगमध्ये त्यांना रस नव्हता, ते सगळं कागदावरचं असं त्यांचं मत. पण ट्रक म्हटल्यावर ते खाटेवर उठून बसले, असं आई म्हणाली. मग रोजचं झालं. आज काय उघडलंस, वायरीचं कापड कसलं आहे, सहा व्होल्टची आहे का बारा, बॅटरीची कुठली बाजू बॉडीला आहे ते आधी बघ. खोकल्याची उबळ यायची, आई फोन काढून घ्यायची, ते परत घ्यायचे. बारावीनंतर आम्ही दोघं इतकं कधी बोललो नव्हतो.

कामाला मी बाबांचाच जुना खाकी शर्ट घालत होते. येताना आईने बॅगेत कोंबला होता, घाणेरड्या कामाला होईल म्हणून. बाह्या दुमडून दुमडून घालायचा. त्याला धुऊनही न जाणारा सोल्डरिंगचा वास होता.

बाबांचे नियम मला तोंडपाठ होते आणि त्यांतला पहिला होता जोडांबद्दल. गाडीत जोड ठेवायचा नाही. दुसऱ्याने मारलेला जोड दिसला की आधी तो कापून फेकायचा, मग वायरिंगकडे बघायचं. घरातल्या वायरीला धक्के बसत नाहीत, गाडीतल्या वायरीला दर खड्ड्याला बसतात, आणि आळशी माणसाचा जोड एक दिवस पेट घेतो. कुठल्याशा तळावर एक गाडी अशीच पेटली होती आणि तिच्या ड्रायव्हरचे भाजलेले हात बाबांनी पाहिले होते. ते हात त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितले की आमच्या घरात एक्स्टेन्शन बोर्डलासुद्धा जोड नव्हता.

तर शेडमधल्या पहिल्याच दिवशी, रॉस चहा करायला घरात गेलेला असताना, मी ट्रकखाली शिरले. मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवर, चासीच्या कडेला, एक ओबडधोबड गाठोडं लोंबत होतं. वायर पिळून जोडलेली, वर कापडाची चिंधी गुंडाळलेली, तिच्यावर डांबर. मी दुसरा विचार केला नाही. पहिलाही केला नाही. पक्कड काढली, दोन्ही बाजूंनी कापलं आणि ते वीतभर गाठोडं तेलकट बोळ्यांबरोबर डब्यात टाकलं. बाबांना फोनवर सांगितलंही, असा भयंकर जोड होता, कापला. बाबा म्हणाले, शाब्बास. मंगळवारी कौन्सिलची गाडी येऊन कचरा घेऊन गेली.

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही ट्रकच्या पुढच्या भागातलं सगळं जुनं वायरिंग उतरवलं. प्लायवूडच्या फळीवर ते होतं तसं पसरून खिळ्यांनी अडकवलं, म्हणजे त्याबरहुकूम नवं गुंफता येईल. रॉस कुठूनतरी जुन्या पद्धतीची, सुती कापडाची वायर मागवायचा. गरमी अशी की फळीवर वाकलं की घामाचे थेंब टर्मिनलांवर पडायचे. आम्ही फारसं बोलत नव्हतो. स्मोकोला, म्हणजे कामातल्या चहाच्या सुट्टीला, दोघंही शेडच्या दारात बसून रोज फसवणाऱ्या त्या आभाळाकडे बघायचो. मला तिथे बरं वाटायचं. परक्या देशात कुणाशी गप्प बसता येणं ही मोठी गोष्ट असते.

अशाच एका स्मोकोला रॉसने कप खाली ठेवला आणि विचारलं, चिंधीवाला तुकडा अजून आला नाही का. मी म्हटलं, कुठली चिंधी. मग त्याने सांगितलं, एकेक वाक्य, मध्ये थांबत. त्याचे वडील युद्धाबद्दल बोलायचे नाहीत. एकच गोष्ट त्यांनी सांगितली होती. ताफ्यात असताना एकदा त्यांचा मागचा दिवा विझला. मागच्या गाडीला पांढरा गोळा दिसेना, तिचा ड्रायव्हर रस्ता सोडून खड्ड्यात गेला आणि मेला. तो त्यांचा दोस्त होता. वडिलांनी तिथेच शर्टाची बाही फाडली, वायर जोडली, बाही गुंडाळली आणि रस्त्याच्या कामासाठी कडेला ठेवलेल्या डांबराने बंद केली. पुढे ट्रक विकत घेतल्यावरही त्यांनी तो जोड बदलू दिला नाही. तो आहे तिथे आहे, एवढंच म्हणायचे.

“मी मुद्दाम कधी शोधला नाही,” रॉस म्हणाला. “म्हटलं, येईल तेव्हा येईल. त्यांच्या हातचं दुसरं काहीच नाही माझ्याकडे.”

माझी पाचावर धारण बसली. त्या क्षणी तोंड उघडून सांगायचं होतं, रॉस, तो मी कापून कचऱ्यात टाकला. एवढं एक वाक्य. त्याऐवजी मी काय म्हणाले, तर मागचं वायरिंग अजून उतरवलेलं नाही, त्यात असेल. आणि वर हसले. हे वाक्य कुठून आलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. कुणी सांगितलं असतं की भीतीने आलं, तर बरं वाटलं असतं. पण त्यात हिशेबही होता. पत्र मिळायचं होतं.

रॉसने मान हलवली आणि कप उचलला. नो वरीज, म्हणाला.

जसप्रीतच्या गाडीतून मी त्याच दुपारी कौन्सिलच्या कचरा डेपोवर गेले. तिला वाटलं युनिचं काही हरवलं. फाटकावरच्या माणसाने आत नुसतं बोट दाखवलं. माळरान होतं ते, आणि त्यावर यंत्राने दाबून सपाट केलेल्या कचऱ्याच्या टेकड्या, वर घारी. तीन आठवड्यांपूर्वीचं, असं म्हटल्यावर तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

मग मी जे केलं ते नीट लिहिते, कारण आजवर कुणाला माझं म्हणून सांगितलेलं नाही. बाबांच्या शर्टाची डावी बाही कापली. तिची पट्टी फाडून कडक चहात उकळली. जसप्रीत स्वयंपाकघरात आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, “ये क्या पका रही है तू?” मी म्हटलं, असाइनमेंट आहे. दोन दिवस पट्टी उन्हात, मग इंजिनच्या जुन्या तेलात, मग लाल मातीत. छपराच्या गळत्या बुजवायला मिळतं ते डांबर आणलं. आणि जुन्या वायरीचा तुकडा घेऊन जोड मारायला बसले.

तो मला जमेना. वाईट जोड मारता येईना. जोड मारावाच लागला तर कसा, याची बाबांनी लहानपणापासून एकच पद्धत शिकवली होती आणि हात आपोआप तिकडेच वळत होते. तारा पिंजून एकमेकींत घालायच्या, एका बाजूचे वेढे इकडे, दुसऱ्या बाजूचे तिकडे, मॅरीड जॉइंट म्हणतात त्याला आय.टी.आय.मध्ये. अंधारात, घाईत, नुकता मित्र मेलेला असताना असा जोड कोण मारेल? तीनदा सोडवला. चौथ्यांदा तसाच झाला तेव्हा सोडून दिला आणि वर पट्टी गुंडाळली. पट्टीखाली कोण बघतंय.

दुसऱ्या दिवशी रॉस घरात असताना ट्रकखाली जाऊन तो तुकडा जागेवर बसवला. मग हाक मारली. म्हटलं, रॉस, बघ बरं इकडे, हाच का?

तो कष्टाने खाली आला, पाठीवर सरकत, टॉर्च घेऊन. जोडाला हात लावला नाही लगेच. आधी नुसता बघत राहिला. मग अंगठा त्या चिंधीवर ठेवला आणि तसाच पडून राहिला. मी शेजारी, दोघंही पाठीवर, वर ट्रकचं पोट. तो रडत होता. त्याच्या रडण्याला आवाज नव्हता, फक्त टॉर्च हलत होता. मला तेव्हा जी शरम वाटली तिला शब्द नाही. तरी मी गप्प राहिले. मला वाटलं, आता सांगणं म्हणजे त्याच्या हातातून दुसऱ्यांदा काढून घेणं. स्वतःची चामडी वाचवताना माणसाला दुसऱ्याची दया फार लवकर येते.

चामडीवरून आठवलं, त्या आठवड्यात मला अंगभर घामोळं उठलं होतं. आई म्हणायची, आतली उष्णता आहे. इथल्या जी.पी.ने मलम दिलं. खाई त्याला खवखवे हे कुणीच म्हणालं नाही.

बाबांना मात्र मी निम्मं सांगितलं. तो कापलेला जोड कुणाचा होता ते. बनवलेल्या जोडाबद्दल बोलले नाही. मला वाटलं, माझी समजूत काढतील. नियम त्यांचाच होता.

“चूक माझी पण आहे,” बाबा म्हणाले. “शाब्बास मीच म्हटलं होतं. पण जा आणि सांग त्याला. आजच सांग.”

सांगते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, सांगितलंस का? म्हटलं, आज तो बाहेर गेला होता. तिसऱ्या दिवशी परत. मग मी शिफ्ट आहे, परीक्षा आहे असं करत फोनच कमी केले. आई म्हणायची, बाबा वाट बघतात गं. मला माहीत होतं ते कशाची वाट बघतात.

शेवटचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात मागचा दिवा लागला. रॉसचा आग्रह होता की नवी वायर टाकली तरी तो जोड मधे राहिलाच पाहिजे, वीज त्यातूनच गेली पाहिजे. भर दुपारी आम्ही शेडची दारं लावून घेतली. रॉस वर सीटवर, स्विचपाशी. मी ट्रकच्या मागे जमिनीवर, हातात फोन, व्हिडिओवर बाबा. नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि दाढी वाढलेली. मी त्यांना महिन्याभराने पाहत होते. मी ओरडले, रॉसने स्विच ओढला आणि तो पांढरा गोळा अंधारात पिवळसर उजळला. फार उजेड नव्हता. मागून येणाऱ्याला पुरेल एवढा होता.

“दिसला,” बाबा म्हणाले.

रॉस खाली उतरून आला आणि माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला. त्याला वाटायचं बाबा हे त्यांचं नावच आहे. थँक यू, बाबा, म्हणाला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले आणि मग मला मराठीत विचारलं, “याला सांगितलंस का गं?”

रॉस माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या घामाचा आणि तंबाखूचा वास येत होता. मी म्हटलं, “हो. सांगितलं.”

“मग?”

“काही बोलला नाही. असू दे म्हणाला.”

बाबांनी दोन्ही हात जोडले. नळीमुळे त्यांना नीट वाकता आलं नाही, तरी वाकले. “मोठ्या मनाचा माणूस आहे,” म्हणाले. रॉसने मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, दिवा छान लागलाय म्हणतात. रॉसनेही मग हात जोडले, चुकतमाकत. एका मिनिटात मी दोन माणसांना दोन भाषांत फसवलं आणि दोघेही माझ्यासमोर हात जोडून उभे होते.

बाबा जानेवारीत गेले. पाऊस तेव्हा जोरात होता, घरासमोरचा रस्ता पाण्याखाली. मी नवा व्हिसा मिळेपर्यंतच्या ब्रिजिंग व्हिसावर होते, देशाबाहेर पडले असते तर परत यायची खात्री नव्हती. दादा म्हणाला, येऊ नकोस, त्यांनाही चाललं नसतं. मी गेले नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आईने फोन समोर टेकवून ठेवला. हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत, पुढे बाबांचा फोटो, वर्कशॉपच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. भन्तेजींनी त्रिशरण पंचशील सुरू केलं आणि इथे खोलीत गुडघ्यांवर बसून मी बरोबर म्हणू लागले. लहानपणापासून म्हणत आलेय, झोपेतही चुकणार नाही. चौथ्या शीलापर्यंत आले. खोटं बोलणार नाही, हे ते चौथं. आवाज फुटेना. फोनवर सगळा हॉल म्हणत होता आणि मी तोंड मिटून बसले होते. जसप्रीतला वाटलं मी बाबांसाठी रडतेय. तीही खोटी समजूत मी तशीच राहू दिली.

फेब्रुवारीत युद्धाच्या स्मरणाच्या मिरवणुकीत ब्लिट्झ निघाला, सगळे दिवे लावून, भर सकाळी. रॉस कोट घालून चालवत होता, छातीवर उजव्या बाजूला वडिलांची पदकं. थांबला की लोकांना खाली वाकवून तो जोड दाखवायचा. आठवड्याने त्याने मला पत्र दिलं. त्यात तीनच ओळी होत्या. ही मुलगी सावकाश काम करते. हिच्या हातून काही सुटत नाही. ही प्रामाणिक आहे. त्या पत्रावर मला गॅस प्रकल्पातली नोकरी लागली, नोकरीवर पी.आर. मिळाला, पी.आर.वर घर झालं. मी बसलेय त्या खुर्चीपर्यंत ती तिसरी ओळ मला घेऊन आली आहे.

ट्रक आता इथल्या एका छोट्या संग्रहालयात आहे. मागच्या बाजूला आरसा तिरपा लावून ठेवलाय, म्हणजे वाकावं लागू नये, आणि शेजारी कार्ड आहे. युद्धकाळात ताफ्याच्या ड्रायव्हरने स्वतःच्या शर्टाच्या बाहीने केलेली दुरुस्ती, मूळ स्वरूपात. मी दर बिल्ड-अपला जाऊन ते वाचून येते. आत खडकीच्या वर्कशॉपातला मॅरीड जॉइंट आहे, वर बाबांच्या शर्टाची बाही. कुणाला तरी वाटेल, चला, बाबांचं काही तरी तिथे राहिलं. मलाही कधी कधी वाटतं. पण मग कचऱ्याच्या त्या टेकड्या आठवतात आणि त्यात कुठेतरी दाबला गेलेला तो खरा जोड. ज्या माणसाने एका मेलेल्या मित्रापायी तो मारला, त्याच्या जागी मी माझा बाप ठेवला, आणि बापाला विचारलं असतं तर त्याने मला दारात उभं केलं नसतं.

गेल्या रविवारी रॉसच्या खिडकीबाहेर आभाळ नेहमीसारखं काळं झालं होतं. मी आंबा कापून दिला. हनुवटीवरून रस ओघळला तो पुसला. त्याने विचारलं, डॅडचा जोड तुला कसा सापडला? आणि मी ठरवून गेले नव्हते, पण सुरू केलं ते वेगळंच. एक मुलगी होती, तिने एका माणसाच्या वडिलांचा जोड कापून कचऱ्यात टाकला, असं. मी म्हणायला हवं होतं, मी होते, तू होतास. तेवढं मला तेव्हाही जमलं नाही. पण बाकी सगळं सांगितलं. पक्कड, डबा, चहात उकळलेली बाही, ट्रकखालचा टॉर्च, फोनवर हात जोडणारे बाबा. काही लपवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट माझ्या तोंडून खरी निघत होती आणि रॉस टक लावून ऐकत होता. आंब्याची फोड त्याच्या हातात तशीच राहिली. मध्येच त्याचा चेहरा असा झाला की वाटलं, समजलं.

गोष्ट संपली. बाहेर गडगडलं आणि थांबलं.

“त्या माणसाला माहीत आहे हे?” रॉसने विचारलं.

“नाही.”

त्याने मान हलवली. मग माझ्या हातावर आपला चिकट हात ठेवला, कुणी आपल्या पोरीची समजूत घालावी तसा.

“मग जा आणि सांग त्याला, प्राज,” तो म्हणाला. “जिवंत आहे तोवर सांग.”

“सांगते,” मी म्हणाले, आणि त्याच्या हातातली फोड घेऊन बशीत ठेवली.